ठसठशीत अक्षराची कुळकथा

‘परभणी’ हा शब्द जाड अक्षरात रंगवून दाखवणं ही पाट्या रंगवणाऱ्याची खरी कसोटी आहे. अक्षरं चारच. पण प ची पोकळी, र ची गाठ, भ च्या डोक्यावर शिरोरेघेत राहणारी फट आणि शेवटी णी, म्हणजे ण चे दोन पाय, त्याचा काना आणि वेलांटीचा दांडा अशा चार उभ्या रेघा एकापाठोपाठ. रेघ जाड होत जाते तसतशी आतली जागा आटत जाते. भ वरची फट बुजली की त्याचा म होतो आणि दुकानावर ‘परमणी’ झळकतं. णी च्या रेघांमधलं अंतर कमीजास्त झालं तर शब्दाच्या टोकाला नुसता काळा ठोकळा उरतो. जिल्ह्यातल्या बाकीच्या गावांची नावंही आपापला पेच घेऊन येतात. पाथरीतल्या थ चं वेटोळं भरून जातं, गंगाखेडातला ख फुटून ‘रव’ होतो, सेलूच्या डोक्यावर मात्रा आणि पायाशी उकार, पूर्णेला रफार.

लांबून दिसावं, वजनदार वाटावं, जुनं नि मानाचं वाटावं म्हणून जाड अक्षर वापरायची रीत जगभर आहे. मराठीत ती कुठून आली आणि कशी उतरत परभणीच्या चौकातल्या फलकापर्यंत पोचली, त्याचा हा मागोवा. आपल्या जाड अक्षराला वजन येतं ते बोरूच्या तासणीतून, असं माझं ठाम मत आहे. ती तासण विसरली की अक्षर फुगतं, ठसत नाही.

आधी थोडं परमुलखातलं. परभणीच्या णी चा पेच साडेपाचशे वर्षांपूर्वी जर्मनीतल्या माइन्झ शहरात योहान्स गुटेनबर्गपुढेही होता. १४५५च्या सुमाराला त्याने ४२ ओळींचं बायबल छापलं ते त्या काळच्या मठांतल्या लेखनिकांच्या वळणावर खिळे पाडून. काळंभोर, उभट, दाटीवाटीने उभं राहिलेलं, टोकांना चौकोनी छेद दिलेलं ते अक्षर. इंग्रजीत त्या घराण्याला ब्लॅकलेटर म्हणतात. या वळणात लॅटिनमधला ‘मिनिमम’ हा शब्द लिहिला की पंधरा सारख्या उभ्या रेघा शेजारी शेजारी येतात. कुठली कोणत्या अक्षराची ते कळेना. ‘आय’ या अक्षरावर आज जो ठिपका आहे तो अशा गर्दीत अक्षर ओळखू यावं म्हणून लेखनिकांनी द्यायला सुरुवात केलेल्या खुणेचा वारस आहे.

इटलीत आणि मग बहुतेक युरोपात हे काळं अक्षर मागे पडलं, गोल नि मोकळं रोमन अक्षर पुढे आलं. जर्मनीने मात्र त्याचीच फ्राक्टुर नावाची शाखा पुस्तकांत आणि वर्तमानपत्रांत चारेकशे वर्षं चालवली. एकोणिसाव्या शतकात जाहिराती आल्या तशी या अक्षराला आणखी चरबी चढवली गेली. १८५०च्या सुमाराचं योहान ख्रिश्चन बाउअर याचं ‘फेटे फ्राक्टुर’ हे त्यातलं सगळ्यांत गाजलेलं. आजही बिअरच्या बाटल्यांवर नि जुन्या खानावळींच्या पाट्यांवर ते किंवा त्याची भावंडं दिसतात. जानेवारी १९४१मध्ये नाझी सरकारने आदेश काढून हे वळण बंद केलं. कारण दिलं ते ज्यूद्वेषाचं, आणि इतिहासाच्या दृष्टीने निखालस खोटं. त्यानंतर ब्लॅकलेटर उरलं ते वर्तमानपत्रांच्या शीर्षनावांत, पदवीच्या कागदांवर, गोंदणात आणि बँडच्या नावांत. ‘न्यूयॉर्क टाइम्स’चं शीर्षनाव अजून त्याच अक्षरात आहे, आतली एकही बातमी नाही. रोजच्या वाचनातून उठून गेलेलं अक्षर फक्त मिरवण्यापुरतं शिल्लक राहिलं.

आपल्याकडे तसं झालं नाही. बाळबोध, म्हणजे देवनागरीचं, वळण पोथीतही होतं, पाठ्यपुस्तकातही आहे आणि चौकातल्या फलकावरही आहे. त्यामुळे मराठीतलं जाड अक्षर म्हणजे वेशभूषा नाही. ते आपलं रोजचंच अक्षर, फक्त आवाज चढवलेलं.

त्या अक्षराचा जन्म बोरूचा. बरूच्या काडीला तिरका छेद देऊन टोक चपटं करायचं, मधून चीर द्यायची आणि काळ्या शाईत बुडवून लिहायचं. चपट्या टोकामुळे हात एका दिशेने गेला की रेघ रुंद, दुसऱ्या दिशेने गेला की केसासारखी बारीक. युरोपातला पिसाचा टाकही चपट्याच टोकाचा होता, पण तिथला कोन आणि आपला कोन उलटे. रोमन अक्षरात वरून डावीकडून खाली उजवीकडे उतरणारी तिरपी रेघ जाड असते. देवनागरीत तीच बारीक, आणि खालून डावीकडून वर उजवीकडे चढणारी जाड. म्हणून र ची खाली सुटणारी शेपटी निमुळती होत जाते. हा कोन देवनागरीच्या हाडात आहे. इंग्रजीच्या चालीने टाक धरून काढलेली मराठी अक्षरं पाहताच खटकतात ती यामुळे. वाचणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण डोळा अडखळतो.

बाळबोधाच्या शेजारी मोडी होती. हिशेब, पत्रं, जमिनीचे कागद मोडीत. देवाधर्माच्या पोथ्या बाळबोधात. मोडीला वेग हवा, हात उचलायचा नाही. बाळबोधाला ठाव हवा, प्रत्येक रेघ स्वतंत्र बसवायची. जाड, भारदस्त अक्षराची कुळी साहजिकच पोथीकडून आली. ज्या अक्षरात ज्ञानेश्वरी वाचली जाई त्या अक्षराला मान होता, आणि पुढे तो मान दुकानाच्या पाटीनेही उसना घेतला.

छपाई आली तेव्हा हे वळण धातूत उतरवणं कठीण ठरलं. फादर थॉमस स्टीफन्सचं क्रिस्तपुराण १६१६ साली गोमंतकात छापलं गेलं ते रोमन अक्षरांत. ओव्या अस्सल मराठीच्या, पण लिपी परकी, कारण देवनागरी खिळेच हाताशी नव्हते. त्यानंतर जवळपास दोनशे वर्षांनी, १८०५ साली, बंगालमधल्या श्रीरामपूरला विल्यम कॅरीचं मराठी व्याकरण देवनागरी खिळ्यांनी छापलं. त्याच वर्षी मिरजेला पटवर्धनांच्या आश्रयाने गीता छापली गेली ती तांब्याच्या पत्र्यावर अक्षरं कोरून. खिळ्यांची उसाभर न करता लेखनिकाचं अक्षर जसंच्या तसं उमटवायचं, हा तिथला विचार मला फार मोलाचा वाटतो.

तोच विचार शिळाछापाने पुढे नेला. गणपत कृष्णाजींनी १८३१ साली मुंबईत पंचांग छापलं ते शिळाछापावर. या पद्धतीत लेखनिक बोरूने लिहितो आणि त्याचंच अक्षर दगडावर जाऊन शेकडो प्रतींत उमटतं. खिळ्यांची छपाई रुळल्यावरही पोथ्या बराच काळ शिळाछापावर निघत राहिल्या, त्यामुळे बोरूचं जाडबारीक लोकांच्या नजरेत टिकलं. त्याच काळात अमेरिकन मिशनच्या छापखान्यात टॉमस ग्रॅहम देवनागरी ठसे कापत होता. त्याच छापखान्यात लहान वयात कामाला लागलेले जावजी दादाजी पुढे स्वतंत्र झाले, १८६४ साली त्यांनी टाइप फाउंड्री काढली आणि १८६९ साली निर्णयसागर छापखाना. त्यांच्यासाठी राणूजी रावजी आरू यांनी पोलादावर जे ठसे कापले, त्यांत बोरूचा कोन, र ची शेपटी, भ ची गाठ सगळं जागच्या जागी आहे. निर्णयसागरी खिळे देशभर गेले. अ, झ, ण या अक्षरांची मुंबईकडची रूपं उत्तरेतही रुळली त्यात या खिळ्यांचा वाटा मोठा. आरूंचं नाव मराठी शाळेच्या पुस्तकात असायला हवं असं मला वाटतं.

छापखान्यात जाड अक्षराला ‘काळा टाइप’ म्हणत. देवनागरीला जोडाक्षरं, काना, मात्रा, रफार धरून खिळ्यांचे प्रकारच शेकडो लागतात. रोमनच्या मानाने खिळ्यांची पेटी कितीतरी मोठी, शिसं जास्त, पैसा जास्त. तालुक्याच्या ठिकाणच्या ट्रेडल छापखान्याला प्रत्येक आकारात पांढरा नि काळा दोन्ही टाइप घेणं परवडायचं नाही. मग काळा एखाददुसऱ्या आकारात घ्यायचा आणि तो जपून वापरायचा: लग्नपत्रिकेत वधूवरांची नावं, पावतीपुस्तकावर दुकानाचं नाव, हस्तपत्रकावर तमाशाच्या फडाचं नाव. दुर्मीळ म्हणून त्याला किंमत होती. भिंतीवर चिकटवायच्या पोस्टरला हातभर अक्षर लागायचं. तेवढं शिशात ओतलं तर उचलता येणार नाही, म्हणून ते लाकडात कापायचं. लाकडात बारीक रेघ टिकत नाही, दाबाखाली तुटते. सुतारकामाच्या या अडचणीतून पोस्टरचं अक्षर आणखी बोजड झालं. बोरूचं जाडबारीक गेलं, नुसतं जाड राहिलं. कुळातली पहिली मोठी तूट मला इथे दिसते.

मराठवाड्याची वाट या सगळ्यात थोडी वेगळी. परभणी निजामाच्या मुलखात. १८८४पासून हैदराबाद संस्थानाचा कारभार उर्दूत चाले, म्हणजे कचेरीवरची, दवाखान्यावरची अधिकाराची पाटी नस्तालिक वळणाची. नस्तालिक उजवीकडून डावीकडे तिरपं उतरतं, अक्षर शेजारच्या अक्षराप्रमाणे रूप बदलतं, त्यामुळे ते खिळ्यांत बसेना. उर्दू वर्तमानपत्रंही कातिबाने, म्हणजे लेखनिकाने, हाताने लिहायची आणि शिळाछापावर छापायची. पाकिस्तानात मिर्झा अहमद जमील यांनी १९८१ साली नूरी नस्तालिक संगणकावर आणेपर्यंत हाताने लिहिणं चालूच होतं. कातिबाची कलम आणि पोथी लिहिणाऱ्याचा बोरू एकाच जातीच्या काडीचे. परभणीत सय्यद शाह तुराबुल हक यांच्या दर्ग्याच्या उरुसाला फेब्रुवारीत माणसांचा पूर येतो तेव्हा शहरात दोन्ही लिप्यांचे फलक लागतात. ते शेजारी शेजारी पाहावेत. उर्दूतली पोटाकडे जाड होत जाणारी आडवी रेघ आणि मराठीतला त चा पोटाकडला फुगीर भाग यांची चाल सख्ख्या भावंडांची आहे.

१९४८च्या सप्टेंबरात संस्थान भारतात आलं, १९५६ला मराठवाडा मुंबई राज्यात आणि १९६०ला महाराष्ट्रात. मराठी पाट्यांचं काम एकाएकी वाढलं: शाळा, ग्रामपंचायती, सोसायट्या, खताची नि बियाण्यांची दुकानं. हे काम पेंटरांनी उचललं, आणि या मंडळींबद्दल मला मनापासून आदर आहे. त्यांच्या हातात चपटा ब्रश होता. चपटा ब्रश म्हणजे रुंद केलेला बोरूच. ज्याने लहानपणी कित्ता गिरवला होता त्याच्या हाताला कोन माहीत होता, म्हणून लाकडी खिळ्यांनी हरवलेलं जाडबारीक पत्र्यावर परत आलं.

पेंटरचं काम जवळून पाहण्यासारखं असतं. पत्र्याला आधी अस्तराचा हात. मग सुताला खडू लावून दोन आडव्या रेघा झटकायच्या, एक शिरोरेघेची, एक पायाची. मात्रा नि वेलांटीसाठी वर हात ठेवायचा, उकारासाठी खाली. शब्द खडूने पुसट मांडून घ्यायचा आणि चार पावलं मागे जाऊन बघायचं. डाव्या हातात आधाराची काठी, तिच्यावर उजवं मनगट. आधी उभे दांडे सगळे एकदम ओढून घ्यायचे, कारण ओळीची लय त्यांवर ठरते. मग पोटं, मग गाठी, शिरोरेघ शेवटी. भ आणि ध वरची फट मुद्दाम गरजेपेक्षा किंचित रुंद सोडायची, कारण एनॅमल रंग ओला असताना पसरतो. र ची गाठ भरायची नाही, तिथे ब्रशचा कोपरा फक्त टेकवून उचलायचा. सगळं वाळलं की उजव्या आणि खालच्या अंगाला लाल किंवा पिवळी सावली. ती सावली शोभेची वाटते, पण लांबून वाचणाऱ्याला दोन दांडे वेगळे दिसतात ते तिच्यामुळे.

याच पिढीत मुंबईला कमल शेडगे होते. टाइम्स समूहात नोकरी करता करता त्यांनी नाटकांच्या जाहिरातींसाठी अक्षरं काढली, आणि ‘रायगडाला जेव्हा जाग येते’पासून ‘वस्त्रहरण’पर्यंत नाटकाचं नाव वाचण्याआधी नुसतं बघून प्रकृती कळावी असं करून दाखवलं. वर्तमानपत्र एसटीने गावोगाव जायचं, आणि जिल्ह्याच्या पेंटरला मुंबईच्या अक्षराचा धडा घरबसल्या मिळायचा. ऐतिहासिक नाव म्हटलं की जाड, तलवारीच्या पात्यासारखं टोक काढलेलं अक्षर, ही आज सिनेमाच्या आणि शिवजयंतीच्या फलकांवर दिसणारी रीत त्या काळच्या नाट्यजाहिरातींत घट्ट झाली. युरोपात ब्लॅकलेटर जे काम करतं, म्हणजे पाहताक्षणी जुन्या काळाची आठवण द्यायची, ते काम मराठीत हे पात्याचं अक्षर करतं. शेडगे २०२०च्या जुलैत गेले.

परभणीत १९९५ साली नारायण सुर्व्यांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं तो काळ अजून कापडी फलकांचा होता. पुढच्या दहा वर्षांत चित्र पालटलं. आधी डीटीपी आलं, पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी गावोगावच्या छापखान्यांत पोचली. पाठोपाठ फ्लेक्सचं यंत्र. संध्याकाळी सांगितलेला फलक सकाळी चौकात, तोही फोटोसकट. हाताने रंगवणाऱ्याला या वेगाशी आणि या दराशी झुंजणं शक्य नव्हतं. बऱ्याच पेंटरांनी ब्रश ठेवून दिला, काही जण फ्लेक्सच्याच दुकानात संगणकासमोर बसले.

दोष मी यंत्राला देत नाही. यंत्राबरोबर आलेल्या एका सवयीला देतो. फलकाचं अक्षर जाड हवं असलं की दुकानदार पुस्तकाच्या मापाचा साधा फॉन्ट घेतो आणि त्याला चहूबाजूंनी जाड किनार देतो. संगणक रेघेला सगळीकडे सारखी सूज आणतो. बारीक रेघही जाड होते, जाडही जाड होते, आणि बोरूचा कोन नाहीसा होतो. फट बुजते, गाठ भरते, ‘धान्य’चं ‘घान्य’ होतं. रा. कृ. जोशींनी घडवलेला मंगल हा फॉन्ट विंडोजबरोबर लाखो संगणकांवर पोचला, पण सुरुवातीची बरीच वर्षं तो एकाच वजनात मिळत होता. ठळकचं बटण दाबलं की संगणक त्यालाच ओढूनताणून जाड करायचा. एका पिढीने मराठी जाड अक्षर म्हणून पाहिलं ते हे.

आणि मग फटफटीच्या टाकीवर, जीपच्या मागच्या काचेवर, दंडावरच्या गोंदणात ओल्ड इंग्लिश आलं, म्हणजे ब्लॅकलेटरच. पोरांना त्यात रुबाब दिसतो, आणि त्यांचं चुकत नाही. चपट्या टाकाच्या कोनातून आलेलं खरं वजन त्या अक्षरात आहे. आपल्याच लिपीतलं तेच वजन त्यांना कुणी दाखवलेलं नाही.

कायद्याने आपल्या परीने काम केलं आहे. दुकानांच्या पाट्यांबाबतचा कायदा २०२२ साली दुरुस्त झाला. आता लहानमोठ्या सगळ्या दुकानांना मराठी नाव देवनागरीत, आधी, आणि इतर लिपीपेक्षा लहान नाही अशा अक्षरात लावावं लागतं. मराठीतला ल आणि श कसा काढावा हेही शासनाने ६ नोव्हेंबर २००९च्या निर्णयाने ठरवून दिलेलं आहे, तरी सेलूच्या नावात हिंदी वळणाचा ल सर्रास दिसतो. कायदा उंची मोजू शकतो. भ वरची फट उघडी आहे की नाही, हे बघणारी नजर आपली आपल्यालाच तयार करावी लागेल.

चांगली बातमीही आहे. एक टाइप या मुंबईच्या गटाने गेल्या दशकभरात जाड देवनागरीवर मन लावून काम केलं. सारंग कुळकर्णी आणि मैथिली शिंगरे यांचा ‘मोदक’ हा फॉन्ट इतका गुबगुबीत आहे की आतल्या पोकळ्यांच्या जागी नुसत्या चिरा उरतात, आणि तरी प्रत्येक अक्षर वाचता येतं. कुठली चीर ठेवायची याचा विचार अक्षरागणिक केलेला आहे. ‘बालू’ रोजच्या फलकाला चालतो, ‘मुक्ता’ बारीकपासून अतिजाडपर्यंत वेगवेगळ्या वजनांत मिळतो. जैन कल्पसूत्राच्या सोळाव्या शतकाच्या सुरुवातीच्या हस्तलिखितावरून घडवलेला ‘जैनी’ तर बोरूचा थेट वारस. देवनागरीचं ब्लॅकलेटर दाखव म्हटलं तर मी त्याच्याकडे बोट दाखवीन. मुंबईच्या रेल्वे स्थानकांवर चपट्या ब्रशने रंगवलेल्या पाट्यांवरून ‘यात्रा’ घडला. हे सगळे फॉन्ट फुकट मिळतात, कुठल्याही फ्लेक्सच्या दुकानात पाच मिनिटांत उतरवून घेता येतात.

म्हणून परभणीकरांना, आणि खरं तर सगळ्याच मराठी गावांना, दोन गोष्टी सांगायच्या आहेत. मोंढ्यात, जुन्या पेठेत, शाळेच्या कमानीवर हाताने रंगवलेली पाटी अजून शाबूत असेल तर दिवाळीची रंगरंगोटी निघण्याआधी तिचा समोरून, सरळ, चांगल्या उजेडात फोटो काढून ठेवा. आणि पुढचा फलक करायला टाकाल तेव्हा किनार देऊन फुगवलेलं अक्षर घेऊ नका, मुळात जाड घडवलेला फॉन्ट मागा. छापण्याआधी पडद्यावर भ, ध, थ आणि ख नीट बघा. फट बुजलेली दिसली तर पैसे देण्याआधी दुरुस्त करून घ्या.